स्वल्प तडी

शरच्चंद्र देवस्थळी पुण्याहून बंगळुरात आले त्याला पंचवीसएक वर्षं झाली असतील. एवढ्या काळात कानडीचे दोनच शब्द त्यांच्या जिभेवर बसले, 'स्वल्प' आणि 'सरी'. भाजीवाल्याकडे कोथिंबीर वाढवून मागायची तर 'स्वल्प', म्हणजे थोडी. रिक्षावाला वळसा घालून न्यायला लागला की नाइलाजाने 'सरी', म्हणजे बरं, चालेल. बाकीचं सगळं हिंदीत आणि इंग्रजीत उरकायचं. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात ते तपासणी विभाग सांभाळत होते तिथे दहा गावची माणसं होती आणि हिंदी पुरत होती. पुरत होती म्हणूनच पुढे काही शिकणं झालं नाही.

'स्वल्प' मात्र त्यांना पहिल्याच आठवड्यात आवडला होता. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "अगं, हा आपलाच शब्द आहे. स्वल्पविरामातला."

अंजलीबाई पुण्यात शाळेत मराठी शिकवत असत. त्या म्हणाल्या, "आपला नाही आणि त्यांचाही नाही. संस्कृतातून दोघांनी घेतला."

पण देवस्थळींना तेवढ्याने समाधान वाटलं. अनोळखी गावाच्या गर्दीत आपल्या आळीतला माणूस दिसावा तसा तो शब्द होता. त्यातूनच त्यांना एक खोड लागली. कानडी शब्द मराठीसारखा ऐकू आला की त्याचा अर्थही मराठीच धरायचा, विचारत बसायचं नाही. बऱ्याचदा निभावलं. एका शब्दाच्या बाबतीत निभावलं नाही, आणि ते त्यांना कितीतरी वर्षं कळलंही नाही.

तो शब्द नागराजचा होता.

नागराजची पीण्यातच भट्टी होती. देवस्थळींच्या कारखान्यातले सुटे भाग तिथे तापवून कडक करून यायचे आणि आले की देवस्थळी ते तपासायचे. एकदा त्यांनी अख्खा माल परत पाठवला. नागराज स्वतः भांडायला आला, दोन तास भांडला, आणि जाताना म्हणाला, "रविवार को क्या करता तुम? घर में बीवी का दाल-चावल भी रिजेक्ट करता क्या?" पुढच्या रविवारी तो त्यांना गाडीत घालून आनेकलच्या वाटेवरच्या एका मैदानावर घेऊन गेला.

गोल्फ म्हटलं की लोकांना जे आठवतं त्यातलं तिथे फारसं काही नव्हतं. नऊ होलचं मैदान, लाल माती, उन्हाळ्यात पिवळं पडणारं गवत. एका बाजूला नीलगिरीची दाट लागवड, दुसऱ्या बाजूला कधीच न भरणारं तळं. पत्र्याच्या शेडमध्ये चहा आणि चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, मिळायचं. कुंपण अर्धवट असल्यामुळे शेळ्या मैदानात यायच्या आणि खेळणारे त्या जाईपर्यंत थांबायचे. देवस्थळींनी त्या दिवशी पहिल्यांदा चेंडू मारला तेव्हा तो जेमतेम शेळीपर्यंत गेला. पण काठी चेंडूला लागली तो आवाज त्यांच्या कानात राहिला. सोमवारी कारखान्यातही तो ऐकू येत होता.

मग ते खेळायला लागले. दर शनिवारी सकाळी, नागराजबरोबर, वर्षानुवर्षं. हळूहळू बाकीच्या काठ्या त्यांचं ऐकायला लागल्या, ड्रायव्हर मात्र ऐकेना. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यांत लांब दांड्याची, मोठ्या डोक्याची काठी. लाकडी खुंटीवर चेंडू ठेवून होलचा पहिला फटका तिने मारायचा. देवस्थळींचा पहिला फटका एकदा सरळ जायचा, एकदा हवेत उजवीकडे वळत नीलगिरीत शिरायचा, एकदा डावीकडे तळ्यात. का, ते कळायचं नाही. पुढचा कुठे जाईल तेही सांगता यायचं नाही.

सुरुवातीच्या दिवसांत अंजलीबाई फोनवर बहिणीला म्हणाल्या होत्या, "यांचा ड्रायव्हर फार त्रास देतोय गं. शनिवार आला की रडवतो."

बहीण पुण्याहून म्हणाली, "मग काढून टाका की. आणि भावजींनी ड्रायव्हर कधी ठेवला? बोलली नाहीस ती."

हा विनोद घरात पुष्कळ वर्षं टिकला.

नागराज कमी बोलणारा माणूस. दुसऱ्याच्या खेळाबद्दल न विचारता काही सांगू नये असा त्याचा स्वभाव. पण देवस्थळी खुंटीवर चेंडू ठेवून वाकले की त्याच्या तोंडून खोकल्यासारखे दोन शब्द निसटायचे, "स्वल्प तडी."

स्वल्प तर माहीतच होता. तडीही देवस्थळींना तितकाच माहीत होता. हाती घेतलेलं काम तडीस न्यायचं, अर्ध्यात सोडायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणजे नागराजचं म्हणणं असं की फटका अजून थोडा तडीस जायला हवा, हात शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. देवस्थळी मनापासून तसं करायचे. काठी मागे नेली रे नेली की तिथूनच पुढे ओढायचे, सगळा जीव एकवटून, इतकं की फटक्याच्या शेवटी काठी पाठीवर आपटायची आणि एक पाऊल आपोआप पुढे पडायचं. चेंडू नीलगिरीत जायचा. नागराज मान हलवायचा आणि पुढच्या होलला पुन्हा तेच म्हणायचा. एकदा देवस्थळी वैतागून मराठीतच म्हणाले, "तडीसच नेतोय रे." नागराजने 'सरी' म्हटलं आणि विषय संपला.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी देवस्थळींना न्हाणीघरातल्या फरशांची रेघ वाकडी दिसली.

पहिल्यांदा त्यांना गवंड्याचा राग आला. इतकी वर्षं ही रेघ आपल्या नजरेतून सुटली कशी, याचा स्वतःचाही आला. त्यांनी कपाटातून पोलादी पट्टी आणली. कारखान्यात आयुष्य जिच्यावर काढलं ती पट्टी. ती फरशीला लावली आणि बघतात तर पट्टीही वाकलेली होती, फरशीइतकीच. न्हाणीघरात ते बराच वेळ पट्टी धरून उभे राहिले. मग त्यांनी डावा डोळा झाकला. पट्टी सरळ झाली.

डॉक्टर तरुण आणि स्वच्छ बोलणाऱ्या होत्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे, म्हणाल्या. डावा बराच गेला आहे, उजव्यात सुरुवात आहे. वेग कमी करता येईल, गेलेलं परत येणार नाही. "तुम्ही आंधळे होणार नाही. कडेकडेचं दिसत राहील. ज्याच्याकडे थेट बघाल तेवढं दिसेनासं होईल."

परतीच्या वाटेवर देवस्थळी खिडकीतून बाहेर बघत होते. मेट्रोचे खांब मागे जात होते. प्रत्येक खांब कडेला असताना स्पष्ट असायचा, समोर आला की विरघळायचा, आणि निघून गेला की पुन्हा खांब व्हायचा.

त्यांनी गाडी चालवणं सोडलं. नागराजला सांगितलं, या ट्रॅफिकचा कंटाळा आला. नागराज म्हणाला, "सरी, मैं आता हूँ," आणि दर शनिवारी पहाटे घराखाली येऊन उभा राहायला लागला. डोळ्यांबद्दल देवस्थळी त्याला बोलले नाहीत. मैदानावर कोणालाच बोलले नाहीत. गुडघा दुखतो म्हणून सांगता येतं, पाठ धरली म्हणून सांगता येतं. हे सांगितलं की लोक हाताला धरायला येतात.

चेंडू हवेत गेलेला त्यांना आता दिसत नव्हता. खुंटीवरचा दिसायचा, तोही जरा बाजूला बघितलं तर. मारल्यावर ते आवाजावरून अंदाज बांधायचे आणि इतर ज्या दिशेला माना वळवतील तिकडे चालू लागायचे. फटका सरळ गेला तर प्रश्न नव्हता. पण ड्रायव्हर कुठे नेईल याचा नेमच नव्हता, आणि चुकलेला चेंडू शोधायला डोळे लागतात.

पूर्वी वाकडा फटका म्हणजे नुसती चुटपुट असायची. आता त्याच्यावर सगळं अवलंबून होतं. चेंडू दर वेळी एकाच जागी जाऊन पडला तर त्यांना तो बघायची गरज नव्हती. जिन्याच्या पायऱ्या जशा पायांना पाठ असतात तसे ते तिथवर गेले असते. लांब नाही गेला तरी चालणार होतं, सरळ नाही गेला तरी चालणार होतं, फक्त एकसारखा जायला हवा होता. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: आपल्या चेंडूपाशी आपण आपल्या पायांनी जायचं. ज्या दिवशी दुसऱ्याला न्यावं लागेल त्या दिवशी काठ्या ठेवून द्यायच्या.

गेल्या वर्षीपासून त्यांच्याबरोबर शुभंकर खेळायला येऊ लागला होता. नागपूरचा, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत कामाला, तिशीतला, मनाने चांगला. मराठी बोलायला मिळतं म्हणून देवस्थळींना चिकटलेला. त्याच्या फोनमध्ये फटक्याचं चित्रण संथ करून बघायची सोय होती.

"काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगून टाक. रागवायचं की नाही ते ऐकून ठरवतो."

"तुमच्या काठीचा फेस ओपन राहतोय. म्हणून बॉल राइटला जातो. ग्रिप थोडी स्ट्राँग करून बघा ना. हे बघा, स्लो-मोमध्ये क्लिअर दिसतंय."

त्याने फोन पुढे धरला. देवस्थळींना फोनच्या कडा दिसल्या, शुभंकरचा अंगठा दिसला. मध्ये, जिथे ते स्वतः असायला हवे होते, तिथे धुरकट डाग होता.

"हो," ते म्हणाले, "दिसतंय."

त्यांनी पकड बदलून पाहिली, पाय बदलून पाहिले, खुंटीची उंची बदलून पाहिली. प्रत्येक बदल एक शनिवार चालायचा. कारखान्यात ते पोरांना नेहमी सांगायचे की यंत्र दर वेळी तेवढंच चुकत असेल तर घाबरू नका, तेवढं वजा करून काम घेता येतं. रोज वेगळं चुकणाऱ्या यंत्राचं काही करता येत नाही. आता त्यांना वाटायचं, आपण हे दुसरं यंत्र आहोत.

मग तो शनिवार आला. चौथ्या होलवर त्यांचा चेंडू उजवीकडे कुठेतरी गेला. तिघं शोधायला लागले. मागून खेळत येणारी चौकडी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. देवस्थळी गवतात काठीने चाचपत होते, मान तिरकी करून कडेने बघत होते. नियमाप्रमाणे शोधायला तीन मिनिटं असतात. ती संपत आली तेव्हा शुभंकर हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमच्या पायाशीच आहे."

खरंच होता. बुटाला लागून.

नागराज मोठ्याने म्हणाला, "घास बहुत है उधर. मेरे को भी नहीं दिखा."

गवत दोनच दिवसांपूर्वी कापलेलं होतं. ताज्या कापणीचा वास अजून येत होता. नागराज खोटं बोलला हे देवस्थळींना त्या वासावरून कळलं, आणि पायाशी चेंडू न दिसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

खेळ संपल्यावर शेडमध्ये चहा घेताना शुभंकरने धीर करून विषय काढला. "काका, नेक्स्ट टाइमपासून तुम्ही ड्रायव्हर मारूच नका ना. आम्ही मारतो, तुम्ही आमच्या बॉलपाशी तुमचा ठेवा आणि तिथून खेळा. स्कोअरचं काय एवढं? आपण एन्जॉय करायला येतो."

"बघू," देवस्थळी म्हणाले. त्यांनी चहा संपवला, पण पेला हातातच धरून ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी अंजलीबाईंना सांगितलं, "यंदा खंडेनवमीला काठ्या पूजेला लाव. शेवटचं. नंतर देऊन टाकू कोणाला तरी."

खंडेनवमीला त्यांच्या घरी शस्त्रं म्हणून पोलादी पट्टी, मापाची जुनी हत्यारं आणि अंजलीबाईंची शिवणाची कात्री पाटावर मांडली जायची. पीण्यात त्याच दिवशी प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ पडते आणि भट्ट्या थंड असतात. ड्रायव्हर पाटावर मावत नसे म्हणून भिंतीला टेकवून त्याला हळदकुंकू लावत. अंजलीबाईंनी दिनदर्शिका पाहिली. खंडेनवमी तीन आठवड्यांवर होती.

"नागराजना विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? खोटं बोलायला लागलाय तो माझ्यासाठी."

मधल्या एका सोमवारी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी होती. पडद्याचं चित्र घ्यायचं असतं. हनुवटी एका आधारावर टेकवायची, कपाळ वरच्या पट्टीला लावायचं आणि आत दिसणाऱ्या हिरव्या फुलीकडे बघत राहायचं. उजव्या डोळ्याला फुली दिसली. डाव्याला नाही. देवस्थळी ती शोधायला लागले. डोळा इकडे नेला, तिकडे नेला, मान किंचित हलवली.

यंत्रावर बसलेली मुलगी म्हणाली, "तडी अंकल. स्वल्प तडी."

देवस्थळींनी कपाळ आणखी जोराने पट्टीवर दाबलं, डोळा फाडून उघडला. काम तडीस न्यायचं होतं. चित्र बिघडलं.

"अंकल, तडी, तडी."

त्यांनी आणखी जोर लावला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुन्हा चित्र बिघडलं. तेव्हा ती मुलगी उठली, यंत्राला वळसा घालून आली, आणि तिने आपला गार तळवा त्यांच्या कपाळाच्या बाजूला अलगद ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"आप क्यों इतना पुश करते, अंकल? मैं तडी बोल रही हूँ."

"पूरा तो कर रहा हूँ," देवस्थळी म्हणाले.

"पूरा नहीं. तडी माने रुको. थोड़ा रुको. कुछ मत करो."

तळवा कपाळाशी होता. समोर फुली नव्हती, नुसता राखाडी उजेड होता, आणि ती आता तिथे नसली तरी चालणार होतं. ते थांबले. यंत्रात कुठेतरी बारीक आवाज झाला.

"सरी," मुलगी म्हणाली. "आ गया."

बाहेर बाकावर अंजलीबाई औषधांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. देवस्थळी शेजारी बसले आणि म्हणाले, "थांब म्हणत होता गं तो. इतकी वर्षं. आणि मी आपला ओढतोय."

अंजलीबाईंना सगळं समजायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. समजल्यावर त्या हसल्या नाहीत. "विचारायचं तरी एकदा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून देवस्थळी सकाळी गच्चीवर जाऊ लागले. चेंडू नाही, खुंटी नाही, फक्त ड्रायव्हर. काठी मागे न्यायची आणि वर पोचली की थांबायचं. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. थांबलं की हात घाबरायचे. आता राहिलं, आता सुटलं, असं काहीतरी खांद्यात धडपडायला लागायचं आणि ते निमूटपणे सोसावं लागायचं. आपण आयुष्यात कशाच्याच माथ्यावर थांबलो नाही, असं त्यांना तेव्हा वाटलं. पुण्याहून निघालो ते पोचण्यासाठी, कारखान्यात माल पुढे ढकलण्यासाठी, इथल्या भाषेत शब्द अर्धा ऐकून पुढचा आपलाच घालण्यासाठी. पण हे विचारही ते फार लांबवत नसत. काठी पुन्हा मागे न्यायची.

किती थांबायचं ते जमत नव्हतं. एकदा कमी व्हायचं, एकदा इतकं जास्त की हात दगड व्हायचे.

ते माप अंजलीबाईंकडून आलं. देवस्थळींना छापलेलं वाचता येईनासं झाल्यापासून त्या संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. शाळेत पोरांकडून मोठ्याने वाचून घेणाऱ्या बाईंचं वाचन होतं ते. वाक्य मध्ये कुठे टेकायचं, कुठे थांबायचं, सगळं जागच्या जागी. एका संध्याकाळी बातमी नगरपालिकेच्या पाण्याबद्दल होती, पण देवस्थळी बातमी ऐकतच नव्हते.

"स्वल्पविरामाला तू किती थांबतेस?" त्यांनी मध्येच विचारलं.

"म्हणजे?"

"मोजतेस का काही?"

"मोजायचं काय त्यात? पुढचं वाक्य दिसतं, तेवढा श्वास घ्यायचा." त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "पोरांना सांगायचे मी, इथे वाक्य संपलेलं नाही, पळू नका. वाचू का पुढे?"

"वाच."

त्या वाचत राहिल्या. देवस्थळी डोळे मिटून खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या बोटांची पकड हलकेच आवळत सुटत होती.

मधले दोन शनिवार देवस्थळींनी टाळले होते. खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारी नागराज पहाटे आला. मैदानावर शुभंकर आधीच पोचला होता. त्याने खिशातून एक चेंडू काढून देवस्थळींच्या हातात दिला. "काका, हा घ्या. आमचा जिथे पडेल तिथे ठेवा."

"ठेवतो," देवस्थळी म्हणाले. "पण आधी एकदा मारू दे."

पहिल्या होलवर डावीकडे लांब एक पाण्याची टाकी आहे आणि सपाटीच्या मध्यावर, थोडं उजवीकडे, करंजाचं एकुलतं झाड. या दोन्ही गोष्टी त्यांना पाठ होत्या. उजवीकडे वळणारा फटका त्यांनी सरळ करायचा सोडून दिला होता. त्याला वळायचं असेल तर वळू दे, टाकीकडे मारलेला वळून करंजापाशी पडेल. त्यांनी तोंड टाकीकडे केलं, चेंडू खुंटीवर ठेवला, आणि तो दिसावा म्हणून नजर जरा बाजूच्या गवतावर टेकवली.

नागराज मागून पुटपुटला, "स्वल्प तडी."

काठी मागे गेली आणि वर पोचली. खांद्यातली ती जुनी धडपड सुरू झाली आणि देवस्थळींनी तिला होऊ दिलं. एका श्वासाएवढा वेळ मैदानात काहीच घडलं नाही. मग कंबर आपणहून वळली आणि हात तिच्यामागून आले.

आवाज वेगळा होता. पहिल्या दिवशीचा, शेळीपर्यंत गेलेल्या फटक्याचा होता तसा.

चेंडू त्यांना दिसला नाही. त्यांनी कोणाला विचारलं नाही आणि कोणाच्या मानेकडेही पाहिलं नाही. काठ्यांची ट्रॉली धरली आणि करंजाच्या दिशेने चालू लागले. मागे शुभंकर काहीतरी म्हणाला, "काका, तुमचा तर..." आणि नागराजने त्याला हाताने गप्प केलं असावं, कारण वाक्य तिथेच राहिलं.

ते भराभर चालत होते. गवत ओलं होतं. झाड कडेने दिसत होतं, मग थोडं विरघळलं, मग पुन्हा कडेला आलं.

"चंद्रा," मागून नागराजची नेहमीची हाक आली. त्याचा गुडघा अलीकडे कुरकुरत असे. "स्वल्प तडी."

देवस्थळी थांबले.

नागराज जवळ आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना दिसलं नाही. "आज पहिली बार रुका तू," तो म्हणाला.

"आज पहिली बार समझा," देवस्थळी म्हणाले. "मराठी में तडी मतलब आखिर तक ले जाओ. काम पूरा करो. मैं वही समझता था."

"इतना साल?"

"इतना साल."

नागराज काठीवर रेलून उभा राहिला. हसू त्याच्या पोटातून हळूहळू वर आलं आणि तोंडापर्यंत येईतो त्याचं दुसरंच काहीतरी झालं. "और मैं सोचता था, पुणेवाला है, किसी का सुनेगा नहीं."

दोघं उभे होते. शुभंकर बऱ्याच मागे स्वतःचा चेंडू खुंटीवर ठेवून ते बाजूला होण्याची वाट बघत होता.

"परसों के बाद ये सब किसी को देनेवाला था," देवस्थळी ट्रॉलीकडे बोट करून म्हणाले.

"मेरे को मत दे. मेरे घर में जगह नहीं."

देवस्थळी त्याच्याकडे वळले. हे सांगायचं तर आत्ताच, नाहीतर पुन्हा नाही. "नागराज, मेरी आँख..."

"गोत्तु," नागराज म्हणाला.

हा शब्द देवस्थळींनी पूर्वी शेकडो वेळा ऐकला होता. बसमध्ये, दुकानात, कारखान्याच्या दारात. त्याच्याशी जुळणारे मराठी शब्द मनात यायला लागले होते, गोता, गोत, पण त्यांनी ते येऊ दिले आणि जाऊ दिले.

"गोत्तु म्हणजे?" त्यांनी विचारलं. मराठीतच विचारलं गेलं.

"मालूम है," नागराज म्हणाला. "दो साल से मालूम है."

देवस्थळींनी मान हलवली. मग दोघं करंजाकडे चालू लागले, नागराजच्या गुडघ्याच्या चालीने. नागराजने त्यांचा हात धरला नाही. झाडाच्या अलीकडे तो मुद्दाम दोन पावलं मागे राहिला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.

देवस्थळी एकटे पुढे गेले. सावलीच्या कडेला गवतात पांढरं काहीतरी होतं. त्याच्याकडे थेट बघितलं तर ते नाहीसं झालं असतं. म्हणून त्यांनी बाजूच्या मुळाकडे बघितलं, थोडा वेळ थांबले, आणि मग खाली वाकून हात लावून पाहिला. चेंडू तिथेच होता.